खान्देशात मायोफेशियल रिलीज: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

जळगाव असो, धुळे असो की शहादा, फिजिओथेरपीच्या पाट्यांवर मान-कंबर-गुडघेदुखीच्या खाली आता ‘एमएफआर’, ‘कपिंग’ (कातडीवर पेले लावून ओढ देणं), ‘ड्राय नीडलिंग’ (स्नायूत बारीक सुया टोचणं) ही अक्षरं दिसायला लागली आहेत. एमएफआर म्हणजे मायोफेशियल रिलीज: स्नायूंभोवतीच्या पडद्याला, म्हणजे फॅशियाला, हातानं दाब देऊन आखडलेलं अंग मोकळं करणं. गिऱ्हाईकही तयारच आहे. मेहरूण तलावावर पहाटे पळणारे, पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर मारणारी पोरं, आखाड्यातले पैलवान, आणि सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा जवळ आली की घोड्यावरून खालीच न उतरणारे स्वार. तक्रार थोड्याफार फरकानं सगळ्यांची एकच: ‘आखडलंय डॉक्टर, मोकळं करून द्या.’ ही सेवा घ्यावी का, घेतली तर त्या पाऊण तासात काय काय व्हायला हवं आणि काय दिसलं की उठून यावं, याचा हा हिशेब. कुठल्या एका दवाखान्याचं नाव त्यात नाही, कारण त्याच दवाखान्यात सकाळचा माणूस तपासून हात लावणारा आणि संध्याकाळचा नुसता रगडणारा असू शकतो.

मत आधीच सांगून टाकतो. सेवा कामाची आहे, पण तिचा जो भाग लोक विकत घेतात, म्हणजे दाबून घेणं, तो अर्ध्याहून कमी मोलाचा आहे. दाबण्यानं मिळते ती थोड्या वेळाची मोकळीक. त्या मोकळिकीत सांधा हलवून घेतला, स्नायूवर भार टाकून घेतला, तर फरक टिकतो. नाही घेतला तर दुसऱ्या दिवशी उठताना मांडी होती तिथंच असते आणि पुढच्या आठवड्याची वेळ ठरलेली असते.

फॅशिया म्हणजे काय ते खाटकाकडे रोज दिसतं. मटण साफ करताना सुरीला चिकटणारा तो पांढरट, चिवट पडदा म्हणजे फॅशियाच. प्रत्येक स्नायूभोवती, स्नायूच्या आतल्या जुड्यांभोवती आणि कातडीखाली तो पसरलेला असतो. त्याचे थर एकमेकांवर सरकावेत म्हणून मध्ये हायलुरोनिक आम्लाचं पातळसं वंगण असतं. फार वेळ एकाच स्थितीत बसलं, एकच हालचाल हजारदा केली किंवा मार लागून सूज आली की हे सरकणं मंदावतं आणि ‘आखडलं’ असं वाटतं.

इथूनच थापा सुरू होतात. ‘चिकटलेला फॅशिया सोडवला’, ‘गाठ फोडली’, ‘आतली घाण बाहेर काढली’. तळपायाचा फॅशिया किंवा मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारा आयटी बँडचा पट्टा हाताच्या दाबानं लांबत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गणित मांडून दाखवलं की असल्या घट्ट फॅशियाला एक टक्काही दाबायचं किंवा सरकवायचं म्हटलं तरी लागणारं बल माणसाच्या सोसण्यापलीकडचं आहे. मग दाबल्यावर मोकळं का वाटतं? कारण फॅशियात आणि कातडीत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं खच्चून भरलेली असतात. सावकाश, टिकून राहणारा दाब मिळाला की मेंदू त्या भागाचा ताण थोडा सैल करतो, दुखण्याचा उंबरठा वर जातो, ऊब येते आणि वंगण पातळ होत असावं असंही मानतात. परिणाम खरा आहे. तो ‘फोडण्यानं’ होत नाही एवढंच. हे ज्याला कळलंय तो थेरपिस्ट कोपर खुपसून घाम गाळत बसत नाही.

पाऊण तास कसा जायला हवा

पहिली दहा-पंधरा मिनिटं हात लावायचाच नाही. कधीपासून दुखतंय, रात्री झोपेतून जाग येते का, पाय बधिर होतो का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, अलीकडे पडझड झाली का, आठवड्यात किती किलोमीटर पळता, घोड्यावर किती तास असता. हे न विचारता ‘झोपा पालथे’ म्हणणारा माणूस मालिशवाला आहे. मालिशवाल्याशी आपलं भांडण नाही, पण दर तरी मालिशचा असावा.

मग मोजमाप. यासाठी महागडं यंत्र लागत नाही, एक टेप आणि एक भिंत पुरते. पायाचा अंगठा भिंतीपासून दूर ठेवायचा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. अंगठा आणि भिंत यांत साधारण दहा सेंटिमीटर अंतर जमत असेल तर घोटा ठीक. दोन पायांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर लिहून ठेवायचा. खुब्यासाठी टेबलाच्या कडेला बसून मागे पडायचं, एक गुडघा छातीशी धरायचा. दुसरी मांडी टेबलाला टेकली पाहिजे. ती हवेत राहिली तर खुब्याचे पुढचे स्नायू आखूड. बाहेरच्या बाजूला फाकली तर खुब्याच्या बाहेरचा, खिशाच्या जागेवरचा टीएफएल हा छोटा स्नायू ताठ. पालथं झोपून गुडघे नव्वद अंशात वाकवायचे आणि दोन्ही पाय बाहेर पडू द्यायचे, की खुबा किती फिरतो ते दिसतं. मांडी घालून, तळवे जुळवून बसलं की गुडघे जमिनीपासून किती वर राहतात ते टेपनं मोजता येतं. आकडा लिहिला पाहिजे, कारण शेवटी तोच पुन्हा मोजायचा आहे.

आता हात. तेल नको. आपल्याकडे लोक येतानाच पोटऱ्यांना तेल चोपडून येतात आणि मग हात सटकतो. मालिशमध्ये हात घसरायला हवा, इथं तो कातडीला धरून राहायला हवा. चांगला थेरपिस्ट बोटांची पेरं, मूठ किंवा हाताचा पुढचा भाग कातडीला तिरका, तीस ते पंचेचाळीस अंशांत लावतो, हळूहळू वजन टाकतो आणि पहिला अडसर लागला की थांबतो. तिथं दीड-दोन मिनिटं थांबायचं, सैल पडलं की तेवढंच पुढे सरकायचं. हलक्या हाताच्या पद्धतीत, दोन हात एकमेकांवर आडवे टाकून कातडी विरुद्ध दिशांना ताणतात, त्यात एकाच जागी तीन ते पाच मिनिटंही जातात. दुखणं दहापैकी पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नये. श्वास अडकला, दात आवळले, मुठी वळल्या की स्नायू उलटा आकसतो आणि सगळी मेहनत वाया. ‘सहन करा, गाठ आहे’ म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा.

त्यानंतर पुन्हा टेप. सहा सेंटिमीटरचं आठ झालं का? झालं असेल तर आपण योग्य जागी होतो. काहीच बदललं नाही तर जागा चुकली किंवा कारण वेगळं आहे. उरलेली दहा-बारा मिनिटं व्यायामाची, थेरपिस्टच्या डोळ्यांदेखत. बहुतेक ठिकाणी नेमकी हीच मिनिटं गाळली जातात, कारण बाहेर दुसरा पेशंट बसलेला असतो आणि पेशंटलाही वाटतं की व्यायाम तर घरी फुकट होतो. पैसे याच मिनिटांचे आहेत, हे दोघांनाही पटायला वेळ लागतो.

घोडेस्वारांचं वेगळं प्रकरण

स्वाराची मांड म्हणजे मांडीचे आतले स्नायू, खुब्याचे पुढचे स्नायू आणि कंबर यांचं काम. दुडकीत स्वार दर पावलाला उठतो-बसतो, तेव्हा आतली मांडी आणि गुडघे सतत आवळलेले राहतात. चौखूर पळवताना कंबर पुढे झुकते. रेवाल चालीत धक्के कमी, घोडा पाण्यासारखा वाहतो, म्हणून स्वार मागे रेलून पाय पुढे टाकून तासन् तास तसाच बसतो. खुर्चीतल्या माणसासारखीच ही स्थिती, खुबा वाकलेला तो वाकलेलाच. खाली उतरल्यावर दोन मिनिटं कमरेत सरळ उभं राहता येत नाही ती याच कारणानं.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. आपण चढतो डावीकडून, त्यामुळे डावी रिकीब (पाय ठेवायची कडी) सगळं वजन घेते आणि तिचा पट्टा उजव्यापेक्षा लांबतो. स्वाराला वाटतं आपला पाय आखूड झाला, थेरपिस्टला वाटतं कंबर तिरकी आहे, आणि दोघं मिळून कमरेचा चौकोनी स्नायू दाबत बसतात. आधी दोन्ही रिकिबींचे पट्टे काढून खिळ्याला शेजारी-शेजारी टांगा आणि टेप लावा. बोटभर फरक निघाला तर पट्टे अदलाबदल करा, आणि शक्यतो ओट्यावरून किंवा स्टुलावरून चढा. त्यात घोड्याची पाठही वाचते. वजन कुठल्या बाजूला पडतं ते पाहायचं असेल तर कडक बाकावर दोन सारखे वजनकाटे ठेवायचे, एकेका कुल्ल्याखाली एक, आणि समोर बघत बसायचं. काट्यांत पाच-सात किलोंचा फरक दिसला तर तपासायला सुरुवात कुठून करायची ते कळलं.

आतल्या मांडीचं काम कसं व्हावं ते नीट माहीत असू द्या, कारण जागा नाजूक आहे आणि चुका इथंच जास्त होतात. स्वार कुशीवर झोपतो, वरचा पाय वाकवून पुढे उशीवर, खालच्या पायावर काम. गुडघ्याच्या वर चार बोटं सोडून सुरुवात, मधल्या तिसऱ्या भागापर्यंत. वरच्या तिसऱ्या भागात, जांघेजवळ, मोठी रक्तवाहिनी आणि चेता जातात. बोटाखाली ठोके लागले की जागा सोडायची, तिथं कोपर तर अजिबात नाही. चादर पांघरलेली असावी, काय करणार ते आधी सांगून परवानगी घेतलेली असावी, आणि बाई स्वार असेल तर बाई थेरपिस्ट किंवा सोबत घरचं माणूस. हे विचारायला संकोच करू नये.

जांघेजवळची लचक ताजी असेल, निळं-काळं पडलं असेल, हाताला गरम लागत असेल, तर पहिले काही दिवस दाबणं पूर्ण बंद. स्नायूत साचलेल्या रक्तावर रगडलं तर तिथं हाडासारखा कठीण गोळा तयार होऊ शकतो. स्वारांच्या आतल्या मांडीच्या वरच्या टोकाला असं हाड बनण्याचं दुखणं जुन्या घोडदळांच्या काळापासून डॉक्टरांना माहीत आहे. ‘मार बसलाय, चोळून काढू’ ही आपली सवय इथं अंगाशी येते.

खुब्याच्या पुढच्या खोल स्नायूसाठी पोटातून जावं लागतं. उताणं झोपून गुडघे वाकवलेले, बेंबी आणि खुब्याच्या पुढच्या हाडाचं टोक यांच्या मधोमध बोटं ठेवून, उच्छ्वासाबरोबर हळूहळू आत. जेवून दोन तास झालेले असावेत. भाकरी-भरीत हाणून आलेल्या माणसाच्या पोटात बोटं घालण्यात दोघांचंही भलं नाही. ठोके लागले तर बोटं बाहेरच्या बाजूला सरकवायची. हर्निया, गरोदरपण, पोटाची नुकती शस्त्रक्रिया, यात हा प्रकार नाही. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच स्वारांना याची गरजही नसते. एक गुडघा जमिनीवर टेकून, कुल्ला आवळून, कंबर न वाकवता तीस सेकंदांचा ताण दोन-तीनदा घेतला तरी मांडी टेबलाला टेकायला लागते.

मग पोटरी. टाच खाली राहत नाही, गुडघे खोगिराला चिमटतात, पाय मागे जातो, अशी तक्रार उस्ताद करतात तेव्हा भिंतीवरची ती घोट्याची चाचणी पाहा. बहुतेकदा आकडा कमी निघतो. पोटरीचं वरचं दुहेरी मांस गुडघा सरळ ठेवून, आणि त्याखालचा चपटा स्नायू गुडघा वाकवून, असं दोन्ही करावं लागतं. एकच केलं तर निम्मंच काम झालं.

दाबून झाल्यावर स्वाराचा गृहपाठ असा: हात-गुडघ्यांवर राहून एक पाय बाजूला सरळ पसरायचा आणि कुल्ले मागे टाचेकडे न्यायचे, दहा वेळा, दोन्ही बाजू. मग कोपनहेगन प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन, खालच्या कोपरावर आणि वरच्या पायाचा गुडघा बाकावर ठेवून अंग उचलून धरायचं, पंधरा सेकंद, दोन फेऱ्या. हा व्यायाम आतल्या मांडीला खरी ताकद देतो आणि पहिल्या आठवड्यात चांगला झोंबतो. पायरीवर उभं राहून टाच खाली सोडत सावकाश चवडे उचलणं, बारा वेळा, तीन फेऱ्या. शेवटी घोड्यावर, रिकीब सोडून, साध्या चालीत दहा मिनिटं. घोडा शांत हवा आणि कुणीतरी लगाम धरलेला हवा.

पळणारे आणि पैलवान

पळणाऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यावर बरंच लिहिलं जातं. गुडघ्याच्या बाहेर दुखतं म्हणून आयटी बँडवर रोलर (अंगाखाली घेऊन फिरवायचा दंडगोल) फिरवणं बंद करा. तो पट्टा लांबत नाही आणि खालच्या हाडाशी दुखरा भाग चेंगरतो. त्याच्या वरच्या टोकाला असलेला टीएफएल आणि कुल्ल्याचा बाजूचा स्नायू यांवर काम करा आणि कुल्ल्याची ताकद वाढवा. तळपाय दुखत असेल तर पाण्याची गोठवलेली बाटली दोन-तीन मिनिटं फिरवा, पण मुख्य औषध पोटरीची ताकद. नडगी दुखत असेल तर मात्र थांबा. भरतीच्या पोरांमध्ये डांबरी रस्त्यावर एकदम पळणं वाढलेलं असतं, बूट झिजलेले असतात, आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी ठणका, एका पायावर उडी मारली की कळ, रात्रीही दुखणं: ही लक्षणं असतील तर दाबून घेण्याआधी हाडाच्या डॉक्टरकडे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत चीर दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पळायला लागू नये.

पैलवानांना मालिशची सवय असते, त्यामुळे हलका हात त्यांना फसवणूक वाटतो. त्यांच्या बाबतीत काम मुख्यतः पाठीच्या रुंद स्नायूवर, काखेच्या मागच्या कडेवर आणि कोपरापुढच्या हातावर. मानेच्या पुढच्या भागात आणि जबड्याखाली कुणालाही बोटं खुपसू देऊ नका, तिथं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आहे. आणि आखाड्यातून थेट येऊ नका. अंगाला माती-तेल असलं की काम होत नाही, आणि गजकर्णासारखं कातडीचं दुखणं असेल तर ते पुढच्या पेशंटला लागतं. टेबलावरची चादर बदलली का, हे बघायचा हक्क तुम्हालाही आहे.

जिथं दाबायचंच नाही

खान्देशात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, एक गोष्ट थेरपिस्टनं विचारलीच पाहिजे आणि बहुतेक विचारत नाहीत: सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का? भिल्ल, पावरा समाजात हा आजार बराच आढळतो. सातपुड्यातल्या चढावर पळून तयार झालेल्या पोरांत कितीतरी जण वाहक असू शकतात आणि त्यांना स्वतःला माहीत नसतं. आजार असेल तर हातापायांतला ठणका स्नायूंचा नसून रक्तपुरवठा अडल्यामुळे हाडांतून येत असतो. तो दाबून जात नाही. त्याला पाणी, दवाखाना आणि वेळेवर उपचार लागतात. नुसता वाहक असेल तर खेळायला हरकत नसते, पण एप्रिल-मेच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत, पाणी कमी पिऊन, जीव तोडून पळाल्यावर स्नायू मोडून पडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पहिल्या भेटीच्या कागदावर हा रकाना नसेल तर स्वतःहून सांगा.

बाकीची यादी सगळीकडची. एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि ठणका, त्यातही लांबच्या प्रवासानंतर किंवा प्लास्टर काढल्यावर: आत रक्ताची गुठळी असू शकते, दाबणं जिवावर बेतू शकतं. गुडघ्यामागची खळगी आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं छोटं हाड, तिथून चेता कातडीलगत जाते, रोलर तिथं नेला की पाऊल लुळं पडल्यासारखं वाटतं. ताप, जखम, फुगलेल्या निळ्या शिरा यांवर नाही. घोड्यावरून पडलेल्या माणसाच्या पाठीला, आधी तपासणी झाल्याशिवाय, कुणीही हात लावू नये, मग तो थेरपिस्ट असो नाहीतर हाड बसवणारा. पडल्यानंतर किंवा उसण भरल्यानंतर खोगिराला टेकणारा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर वाट न बघता मोठं इस्पितळ, त्याच रात्री.

हत्यारं

स्टीलच्या पट्ट्यांनी घासण्याचा प्रकार आला आहे. पट्टी स्पिरिटनं पुसलेली असावी, थोडं क्रीम लावलेलं असावं, हात हलका असावा. कातडी गुलाबी होणं ठीक, लाल-जांभळे ठिपके उमटणं म्हणजे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या. तो काही विष बाहेर पडल्याचा पुरावा नाही. कपिंगच्या गोल डागांचंही तेच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर ते डाग दिसले आणि तेव्हापासून डाग हाच निकाल समजला जातो.

मसाज गन (स्नायूवर भराभर ठोके देणारं हातातलं यंत्र) घ्यायची असेल तर हजार-दीड हजाराची आणि दहा हजारांची यांतला मुख्य फरक आवाजाचा, बॅटरीचा आणि डोकं किती खोल आत-बाहेर होतं याचा. मऊ गोल डोकं लावा, सगळ्यात कमी वेग, एका स्नायूवर एक-दोन मिनिटं, गन दाबायची नाही, नुसती टेकवायची. हाड, मान, जांघ, पोट वगळा. ‘जास्त वेळ, जास्त फायदा’ असं काही नाही. जोरदार व्यायामानंतर दमलेल्या मांडीवर बराच वेळ गन मारून स्नायू मोडून पडल्याचं उदाहरण वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. अशा वेळी लघवी चहाच्या रंगाची झाली तर ती धोक्याची खूण.

रोलरवर पैसे घालायची गरजच नाही, निदान जळगावात तरी. पाइपांचं गाव आपलं. ११० मिलिमीटरचा, सहा किलो दाबाचा पीव्हीसी पाइप दीड फूट कापून घ्या, कापलेल्या कडा कानशीनं गोल करा, त्यावर जुनी योगा मॅट घट्ट दोन-तीन वेढे गुंडाळा आणि टोकांना सायकलच्या ट्यूबची रिंग चढवा. चार किलोचा पातळ पाइप घेऊ नका, ऐंशी किलोचा पैलवान बसला की तडा जातो आणि कातडी चिमटते. उन्हात ठेवलेला बाजारचा मऊ फोमचा रोलर आमच्याकडच्या उन्हाळ्यात दबून लंबगोल होतो, त्यापेक्षा हा टिकतो. कुल्ल्यासाठी टेनिसचा चेंडू. लेदरचा क्रिकेट चेंडू कडक पडतो आणि शिलाई रुतते. रोलर फिरवायचा वेग सेकंदाला इंचभर, एका स्नायूवर एक ते दोन मिनिटं, दुखरी जागा सापडली की तिथं वीस-तीस सेकंद थांबून सांधा हळू हलवायचा. मिळालेली मोकळीक काही मिनिटंच टिकते, म्हणून लगेच व्यायाम किंवा पळणं.

दर, पॅकेज आणि माणूस

दर विचारताना ‘एका सेशनचे किती’ एवढंच विचारू नका. ‘त्यात तुमचा वेळ किती मिनिटं, आणि मशीन किती?’ हे विचारा. वीस मिनिटं शेक, दहा मिनिटं करंट आणि दहा मिनिटं हात, असं निघालं तर तुम्ही दहा मिनिटांचे पैसे देताय. दहा-पंधरा सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. आठवड्यातून एक, अशी तीन-चार सेशन पुरतात. तिसऱ्या वेळेलाही टेपवरचा आकडा आणि दुखणं जिथल्या तिथं असेल तर निदान पुन्हा तपासा.

फिजिओथेरपीची पदवी काही वर्षांच्या शिक्षणाची असते, त्यात इंटर्नशिपही, आणि राज्यात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला माणूस रागावत नाही. भिंतीवरचं ‘सर्टिफाइड एमएफआर’ हे प्रमाणपत्र दोन दिवसांच्या शिबिराचंही असू शकतं. ते पदवीवर चढवलेलं असेल तर उत्तम, पदवीऐवजी असेल तर नको.

बाहेरगावच्यांसाठी एक अडचण वेगळी. शहाद्याहून धुळ्याला येऊन सेशन घेतलं आणि परतीला एसटीत गुडघे पुढच्या सीटला टेकवून बसलं की खुबा पुन्हा आकसतो. शक्य असेल तर आपल्याच गावचा साधा पण तपासणारा फिजिओ बरा. यायचंच असेल तर दोंडाईच्याला गाडी थांबते तेवढ्यात खाली उतरून वीस पावलं चाला, दोन-चार लंज (एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं) मारा, लोक बघतील तर बघू देत.

घोड्यालाही हे करतात का, असं यात्रेत हमखास विचारतात. करतात, पण हलक्या हातानं आणि जनावरांच्या डॉक्टरनं लंगडणं तपासल्यानंतर. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांच्या पेरांनी सावकाश दाब देत खांद्याकडून कमरेकडे जा. घोड्यानं पाठ झटक्यात खाली सोडली, कान मागे टाकले, शेपूट आपटली, तर आधी खोगीर आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बघा. खोगिराखाली कोरडे डाग, पांढरे झालेले केस, तंगाच्या जागी सोललेली कातडी दिसली तर दाबून काही होणार नाही. मान खाली सोडली, जीभ-ओठ चाटले, डोळे मिटायला लागला, तर हात बरोबर आहे. मसाज गन घोड्याजवळ नेऊ नका. आवाजानं बिचकून मागचा पाय आला तर फिजिओही उपयोगाचा राहणार नाही.

यात्रा दत्तजयंतीला सुरू होते, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला. चालीच्या स्पर्धेच्या किंवा शर्यतीच्या दिवसाआधी निदान तीन दिवस खोल दाबाचं काम थांबवा, कारण त्यानंतर दोन दिवस अंग ठणकतं आणि पाय जड वाटतो. आदल्या संध्याकाळी रोलर, प्रत्येक स्नायूला अर्धा-एक मिनिट. सकाळी तापीकाठच्या थंडीत चढण्याआधी दहा मिनिटं चालून अंग गरम करा, टाचा पायरीवरून दहा-बारा वेळा खाली सोडा, आणि रिकिबीचे पट्टे एकदा शेजारी धरून मोजून घ्या.